समोरून धरलेली पात

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं की नाही, हे कानानं ठरवायचं असतं. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून एक झाड उपटायचं, कानाशी नेऊन हलवायचं, आणि शेंगेत दाणे खुळखुळले की विळे धारेला काढायचे. काल सकाळी मी तेच केलं. रिठदच्या शिवारातलं आमचं वावर पानं गाळून पिवळंधमक उभं आहे. झाड कानाशी नेलं, हलवलं, आणि दाण्यांच्या आवाजाआधी मला ऐकू आलं ते दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात झालेलं भांडण. मी एकटीच धुऱ्यावर उभी राहून हसले. पलीकडच्या वावरातल्या काकांनी विचारलं, "काय झालं वं, काहून हासून राह्यली?" त्यांना आता काय सांगू, कप्पाळ?

लोक दिवाळीवरून वर्ष मोजतात, मी सोंगणीवरून. आणि माझ्या सगळ्या सोंगण्यांमध्ये ती एक वेगळी काढून ठेवलेली आहे.

तनू माझी एकुलती एक. त्या साली अकरा वर्षांची होती. चार वर्षांची होईस्तोवर बोललीच नव्हती. बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द काढला तो 'पंप'. 'आई' बिचारी पुष्कळ मागून आली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन खेपांत तपासून ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. बाई चांगल्या होत्या, तनूशी जमिनीवर बसून बोलल्या. पण त्या शब्दाचा मला अजून राग येतो. स्वतःत मग्न? अहो, या पोरीला गल्लीतली प्रत्येक मोटारसायकल आवाजावरून ओळखू येते. कोणाच्या विहिरीवरची मोटर आज उशिरा सुरू झाली, कोणाच्या घरचा पंखा किरकिरतो, सगळं तिला माहीत. तिला जरा जास्तच ऐकू येतं, म्हणून ती कान झाकते. एवढी साधी गोष्ट लोकांना समजत नाही आणि वरून सल्ले देतात. कोणी म्हणे नजर काढा, कोणी म्हणे चार झापडा द्या, सुतासारखी सरळ होईन. एक बाई तर म्हणाल्या, "हिच्या पाठीवर एक पोरगं होऊ द्या, मंग कायची चिंता नाई." त्यांना मी चहा न देताच वाटेला लावलं.

पण खरं सांगू का, रागाच्या खाली भीती होती.

आमच्या गल्लीत संध्याकाळी लेकरं एकमेकांना हाक मारून बाहेर काढतात. दारात कोणी जात नाही, रस्त्यातूनच ओरडायचं, "ओ पूनम, येतं काय वं!" आतून उत्तर येतं, "आली वं!" आणि मग चपला फटफटत एकेक पोर बाहेर पडतं. ही हाक एका घरावरून दुसऱ्या घरावर जायची. आमच्या दारापुढं ती थांबत नसे. मी सूप घेऊन ओसरीत बसायची, तूर निवडायचं निमित्त. तूर निवडून व्हायची, तीच पुन्हा निवडायची. मला देवाजवळ दुसरं काही मागायचं नव्हतं. तिचा पहिला नंबर नको होता, तिनं फडफड बोलावं असंही नव्हतं. एकदा कोणीतरी रस्त्यात उभं राहून तिच्या नावानं ओरडावं, एवढंच. आम्ही दोघं काही जन्माला पुरणार नाही. आमच्यामागं या पोरीला हाक कोण मारणार, हा विचार मला भाकरी थापतानाही यायचा, आणि भाकरी करपायची.

मी काय कमी खटपटी केल्या? तिचा हात धरून ओढत पोरींच्या घोळक्यात नेऊन उभी करायची. म्हणायची, "हिलेबी घ्या वं खेळाले." सोबत डबाभर चिवडा. चिवडा असेस्तोवर पोरी तनूताई तनूताई करायच्या. डबा रिकामा झाला की त्या पळाल्या लगोरीकडे, आणि माझी लेक भिंतीकडे तोंड करून विटा मोजत उभी. घरी येताना ती माझ्या हातातून हात सोडवून घ्यायची. मला वाटायचं, हिला माणसं नको आहेत. तिला माझी ओढाताण नको होती, हे समजायला मला एक आख्खं वावर उपटावं लागलं.

तर आता मोबाइलमधल्या एका गेमची गोष्ट. तिच्या बाबांचा जुना मोबाइल, काचेला तडा गेलेला, तनूच्या हाती लागला होता. माझ्या भाच्यानं त्यात एक ठोकळ्यांचा गेम टाकून दिला. त्यात माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, गाई-ढोरंसुद्धा चौकोनी. आपण खोदायचं, रचायचं, पेरायचं. मला त्या मोबाइलचा भारी तिटकारा. "आग लागो त्या डबड्याले, डोये फुटतीन तुहे," हे माझं रोजचं स्तोत्र. तनू ऐकून घ्यायची नाही आणि उलट बोलायचीही नाही. दिवसाला एक तास ठरला होता, तो तास ती घड्याळ लावून घ्यायची. एकदा डोकावून पाहिलं तर त्यात तिनं आमचंच वावर मांडलेलं. विहीर जिथल्या तिथं. धुऱ्यावरचं बाभळीचं झाड जिथल्या तिथं. ओळी अशा सरळ की तिच्या बाबांना पेरणी करताना कधी जमल्या नाहीत. मला कौतुक वाटलं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. माझा स्वभावच तसा मेला.

समोरच्या घरात वैष्णवी राहते. तनूहून वर्षभरानं मोठी, तोंडाची फटाकडी. तिला कोणी गप्प केलेलं मी पाहिलेलं नाही. तिच्या मोबाइलमध्ये नेट नसायचं, म्हणून शाळेच्या कामापुरतं आमच्या घरचं हॉटस्पॉट वापरू का, असं तिनं तनूच्या बाबांना विचारलेलं होतं. त्यांनी हो म्हटलं आणि विसरून गेले. आता हॉटस्पॉट एक असलं की शेजारच्या मोबाइलमधलं गेमातलं गाव आपल्याला दिसतं आणि त्यात शिरता येतं, ही विद्या आम्हा म्हाताऱ्यांना कुठून असणार? आम्हाला वाटत होतं, पोरगी शाळेचा अभ्यास करून राहिली.

सोंगणी लागली. सोंगणीत आम्ही बाया रांगेनं बसतो आणि प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात, त्याला पात म्हणतात. पात धरली की ती आपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाळलेल्या शेंगांची टोकं हाताला अशी बोचतात की आम्ही जुन्या पायमोज्यांची बोटं कापून हातात घालतो. आता सगळ्यांचे हात सारखे नसतात. कोणी सरसर जाते, कोणी मागं पडते. पण मागं पडलेलीला कोणी "चाल लवकर" म्हणत नाही. जिची पात आधी संपली ती उठते, पाणी पिते, आणि मागं पडलेलीच्या पातीच्या पल्याडच्या टोकाला जाऊन बसते. तिकडून सोंगत सोंगत येते. दोघी मधात कुठंतरी भेटतात. भेटल्या की शेवटची मूठ कोण कापते यावर हसतात, बस. शिकवलेलं नाही कोणी, माझी माय असंच करायची.

तनू त्या साली धुऱ्यावर बाभळीखाली बसून हे रोज पाहायची. मळणीचं मशीन आलं की मात्र तिला घरी ठेवावं लागे. त्या घरघरीनं ती कासावीस होते. सोंगणीला आवाज नसतो, नुसती विळ्यांची करकर, ती तिला चालते.

एके दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. सोंगलेलं सोयाबीन भिजलं तर मेहनत मातीत, म्हणून धावपळ करून ढीग रचले, ताडपत्र्या टाकल्या आणि मी अंगभर धूळ घेऊन घरी आले. पाऊस काही आला नाही, चार थेंब पाडून गेला. तनू मागं न्हाणीत होती. खाटेवर तिचा मोबाइल तसाच उघडा पडलेला. मी सहज उचलला. पाहते तर काय, ते ठोकळ्यांचं वावर, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार गवत माजलेलं!

आता मला सांगा, पंधरा वर्षं निंदण केलेल्या बाईनं ते पाहून गप्प कसं बसावं? माझे हातच शिवशिवायला लागले. तनू बोट दाबून धरते आणि वस्तू फट करून निघते, एवढं मी पाहिलेलं होतं. मी बोट दाबलं. निघालं. दुसरं दाबलं. निघालं. माय वं, काय मजा! कंबर दुखत नाही, हात बोचत नाहीत. एक ओळ झाली, दुसरी झाली. खाटेवर मांडी घालून मी आख्खं वावर निंदून काढलं आणि कोरी काळी माती पाहून मला असं समाधान वाटलं की काय सांगू. पोरीचं काम हलकं केलं, या खुशीत मी चहाही ठेवला.

तनू आली. तिनं मोबाइल हातात घेतला. मी हसत म्हटलं, "पाय, कसं चकाचक केलं तुहं वावर."

तिनं काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून पाहिलं. मग तिनं जो सूर काढला तो मी जन्मात विसरणार नाही. कान दाबून धरले आणि खाटेखाली शिरली. अशा वेळी तिला हात लावायचा नसतो, बोलायचं नसतं, हे आम्ही शिकलो होतो. मी जमिनीवर बसून राहिले. चहा उतू गेला. बऱ्याच वेळानं खाटेखालून एकच शब्द आला.

"गहू."

तो गहू होता. नुकता उगवलेला, बोटभर वर आलेला. जन्म वावरात गेला आणि मला गहू ओळखू आला नाही, मी तो गवत म्हणून उपटला. माझ्याच लेकीचा गहू. मला इतकं रडू आलं की बस. मी तिचं एकमेव सुखाचं ठिकाण माझ्या हातानं उजाड केलं होतं, आणि वरून चकाचक म्हणून हसले होते.

तेवढ्यात रस्त्यातून आवाज आला.

"तनू! ओ तनू! बाहीर ये वं!"

मी उठायचं विसरले. किती वर्षं या आवाजासाठी तूर निवडली होती मी! आणि आला तर कधी आला, पोरगी खाटेखाली, मी अशी शेंबडी. दार उघडलं. रस्त्यात वैष्णवी, एका हातात मोबाइल, दुसरा कमरेवर, डोळे वटारलेले.

"काकू, तनू कुठी हाय? आमचं वावर कोनं उपडलं?"

"आमचं म्हंजे?"

"आमचं म्हंजे आमचं! माह्यं अन् तनूचं! आठ दिवसांपासून पेरून राह्यलो आमी. कोन शिरलं त्याच्यात? नाव सांगा, पाहतोच मी त्याले."

"मी शिरली बाई," मी म्हटलं. "मले वाटलं गवत हाय."

वैष्णवीनं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. मग म्हणाली, "काकू, तुमाले गहू नाई समजत काय? अन् तुमी शेतकरी?"

बारा वर्षांच्या पोरीनं भर गल्लीत माझी अशी हजेरी घेतली आणि मला, खरंच सांगते, तिच्या पाया पडावंसं वाटलं. आमचं! माझ्या पोरीच्या बाबतीत हा शब्द आई-बापाशिवाय कोणी वापरला नव्हता.

वैष्णवी आत आली. खाटेखाली वाकून पाहिलं नाही तिनं. हात धरून ओढलं नाही. "तनू, तनू" करून आर्जवं केली नाहीत. खाटेपासून दोन हात दूर, पाठ करून भिंतीशी बसली आणि मोबाइल उघडला. स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "बी हाय आपल्यापाशी. उपडल्यावर बी वापस येते. मी विहिरीकडून लावतो, तू बाभळीकडून लाव."

 मग खाटेखाली तडा गेलेल्या काचेचा उजेड पडलेला दिसला.

मी चुलीपाशी उभी राहून पाहत होते. वैष्णवीच्या मोबाइलमध्ये एक चौकोनी बाहुली या टोकाकडून पेरत निघाली, आणि त्या टोकाकडून दुसरी. दोघी ओळीनं येत होत्या. मधात भेटल्या. वैष्णवीच्या बाहुलीनं उगाच दोन उड्या मारल्या, आणि माझ्या लेकीच्या बाहुलीनंही दोन उड्या मारल्या. खाटेखालून हसण्याचा आवाज आला.

"हे इकडून-तिकडून लावाचं कोनं शिकवलं तुले?" मी विचारलं.

"तनूनंच लिहून सांगतलं पह्यल्या दिशी," वैष्णवी म्हणाली. "मले उशीर लागे, मंग ते तिकडून ये. काकू, ते लिहून लय बोलते. मलेच तिच्याइतकं टाइप नाई होत." वैष्णवीला कोणी गप्प करू शकत नाही म्हटलं ना मी? माझ्या मुक्या पोरीनं केलं होतं.

त्या दिवशी मला माझी चूक दिसली, आणि ती गव्हाची नव्हती. मी आयुष्यभर तनूच्या शेजारी उभी राहून तिला ओढत होते, "चाल लवकर, मिसळ त्याहिच्यात." वावरात कोणा बाईशी मी असं वागले नसते. तिथं मला बरोबर समजतं की मागं राहिलेलीच्या समोरच्या टोकाला जाऊन बसावं आणि आपण तिच्याकडे यावं. घरात ही अक्कल कुठं गेली होती? त्या गेमात कोणाच्या डोळ्यात पाहावं लागत नाही. उत्तर सुचायला वेळ लागला तर कोणी तोंड वाकडं करत नाही. दोघींनी नुसतं जवळजवळ उभं राहून माती खोदली तरी ती सोबत होते. माझ्या पोरीला तेवढी जागा हवी होती, अर्ध्या वाटेची.

सगळं गोडगोड झालं असं नाही हं. पुढं गल्लीतली आणखी दोन पोरं त्या वावरात शिरली. एकानं मुद्दाम विहीर बुजवली, तनूला काहीबाही चिडवलं. वैष्णवीनं त्याला गेमातून काढलं आणि गेमाबाहेरही काढलं. त्याच्या घरापर्यंत गेली ती भांडायला. एक तासाचे दोन तास मागण्यावरून आमच्या घरात आजही महाभारत होतं. आणि तनू अजून बँडबाजाच्या लग्नाला येत नाही, नको येऊ. मोबाइल म्हणजे औषध, असं मी कोणाला सांगणार नाही. तो फक्त पल्याडचा धुरा निघाला, जिथून कोणाला तरी बसता आलं.

त्याच सोंगणीच्या शेवटी सरवा वेचायचे दिवस आले. पीक निघाल्यावर वावरात सांडलेल्या शेंगा लेकरांच्या असतात. वेचायच्या आणि दुकानावर देऊन काहीबाही खायचं घ्यायचं. वैष्णवीनं रस्त्यातून हाक दिली. तनू पिशवी घेऊन आतच उभी राहिली, चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. 'जाय' म्हणायचं नाही, हात धरायचा नाही. ती गेली. मी लांबून पाहिलं, चार पोरी या टोकाकडून कलकलत निघाल्या होत्या, आणि माझी एकटी त्या टोकाकडून मान खाली घालून येत होती. कोणाला वाटलं असतं, बिचारी वेगळी पडली. मला माहीत होतं, ती त्यांच्याकडेच येत होती.

हे सगळं काल धुऱ्यावर आठवलं, कारण यंदा वैष्णवी बाहेर दिसत नाही. तिला टायफॉइड झाला होता. ताप उतरला, पण पोरगी अशी मलूल झाली की पंधरा दिवस कोणाशी बोलली नाही. मैत्रिणी सुरुवातीला आल्या, मग सोंगणीत आपापल्या घरी अडकल्या. तिची आई परवा पाणी भरताना म्हणाली, "नुसती भिताडाकडे पाहून राह्यते वं. मोबाइलबी नाई घेत हातात." वैष्णवी, आणि भिंतीकडे!  मी ते घरी आल्यावर तनूच्या बाबांना सांगितलं. तनू कोपऱ्यात होती. ऐकलं की नाही कळलं नाही. तिचं कळत नाही.

आज संध्याकाळी मी ओसरीत होते. सवयीनं सूप मांडीवर. तनू बाहेर आली, चप्पल घातली. तेरा वर्षांची आहे आता, माझ्या खांद्याला लागते. रस्ता ओलांडून ती वैष्णवीच्या घरासमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. हाताची बोटं एकमेकांत गुंफत, सोडवत. मला दिसत होतं, तिच्या गळ्याशी काहीतरी येतंय आणि परत जातंय. माझं सूप कधीच थांबलं होतं. उठून जावं, तिच्या वतीनं मीच ओरडावं, असं दहा वेळा वाटलं. मी खालची फरशी धरून बसले.

आणि माझ्या लेकीनं, आयुष्यात पहिल्यांदा, भर गल्लीत हाक मारली. सपाट, मोठी, कानावर दोन्ही हात ठेवून, कारण तिचा स्वतःचाच आवाज तिला मोठा होत होता.

"वैष्णवी! बाहीर ये वं!"

गल्लीतली पोरं थांबून पाहायला लागली. उत्तर आलं नाही. तनूनं वाट पाहिली नाही की दार वाजवलं नाही. ती त्यांच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसली, दोन हात जागा सोडून, आणि मोबाइल उघडला.

मी मोजत होते, किती ते आठवत नाही. मग आतून खाट वाजली, आणि बारीक, आजारी आवाज आला.

"आली वं!"